रुग्णालयाच्या संगणक प्रणालीचे स्थलांतर : पूर्वतयारीविषयी निवेदन

या अहवालासोबतच्या अंदाजपत्रकात ‘संगणक प्रणाली श्रेणीवर्धन’ या शीर्षकाखाली एक नवीन तरतूद वाचकांच्या नजरेस येईल. डायलिसिसचे यंत्र घेतले तर त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, लोकार्पणाचा समारंभ करता येतो. या तरतुदीतून जे साध्य व्हावयाचे आहे ते मात्र डोळ्यांना दिसणारे नाही. सर्व सुरळीत पार पडले तर रुग्णाला काही घडल्याचे जाणवणारसुद्धा नाही. न दिसणाऱ्या कामावर न्यासाचा पैसा खर्च करावयाचा, तर त्याचे कारण व त्यामागील तयारी हितचिंतकांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे. संगणकशास्त्राची परिभाषा आम्हांला गेल्या वर्षभरात गरजेपुरती शिकावी लागली. त्यामुळे पुढील विवेचनात तिजोरी, खतावणी व तेरीज यांचे दाखले अधिक आले, तर तज्ज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या रुग्णालयातील नोंदणी, केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, औषध भांडार, देयके आणि निर्धन रुग्ण निधीचा हिशेब हे सर्व एकाच प्रणालीवर चालते व ती प्रणाली आपल्याच वास्तूतील, आपल्याच मालकीच्या सर्व्हरवर आहे. दूरस्थ सर्व्हरवरील भाड्याची प्रणाली घेण्याचा पर्याय विश्वस्त मंडळाने पूर्वी विचारात घेतला होता. इंटरनेटची जोडणी तुटली म्हणून अतिदक्षता विभागातील रुग्णाचा अहवाल दिसू नये, ही शक्यता मंडळास मान्य झाली नाही आणि तो निर्णय आम्हांस आजही योग्य वाटतो. मात्र स्वतःच्या घरात राहणाऱ्याला घराची शाकारणी स्वतःच, आणि तीही पावसाळ्यापूर्वी, करावी लागते. भाडेकरूला ती चिंता नसते.

आमच्या शाकारणीला उशीर झाला, हे प्रथमच मान्य करतो. आपल्या सर्व्हरवरील मूळ कार्यप्रणाली सेंटॉस ७ ही आहे. तिची देखभाल तिच्या निर्मात्यांनी ३० जून २०२४ रोजी थांबविली. तिच्यावर चालणारा पोस्टग्रेस-क्यूएल हा डेटाबेस, म्हणजे ज्यात सर्व नोंदी प्रत्यक्ष साठवल्या जातात ते कोठार, बाराव्या आवृत्तीचे आहे. या डेटाबेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती सुमारे पाच वर्षे सांभाळली जाते. बारावी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली व नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची मुदत संपली. या दोन्ही तारखा आधीपासून जाहीर होत्या. ‘चालते आहे, मग हात कशाला लावावयाचा’ या विचाराने आम्ही त्या पुढे ढकलत राहिलो.

चालते आहे ते तसेच चालू ठेवण्यात काय धोका असतो, याचे उत्तर इतर रुग्णालयांनी भोगले आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक-विषाणूने इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेस ग्रासले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टच्या कामकाजात त्यामुळे व्यत्यय आला. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून विषाणू शिरला तिच्यावरील दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे दोन आठवडे तेथील बाह्यरुग्ण व प्रयोगशाळेचे काम हाताने करावे लागले. ज्या आवृत्तीची मुदत संपली आहे तिच्यात उद्या नवी त्रुटी सापडली, तर तिच्यावर दुरुस्ती येणारच नाही.

येथे छोटी सुधारणा आणि मोठे श्रेणीवर्धन यांतील भेद सांगणे आवश्यक आहे. छोट्या सुधारणा साधारण तीन महिन्यांनी येतात. त्यांत नोंदी साठविण्याची रीत बदलत नाही. प्रणाली काही मिनिटे थांबवावी, नवा भाग बसवावा, पुन्हा सुरू करावी, एवढेच काम. मुख्य आवृत्ती बदलताना मात्र साठवणुकीची अंतर्गत मांडणीच बदलू शकते. जुनी किल्ली नव्या तिजोरीस लागत नाही. ऐवज मोजून बाहेर काढावा लागतो व मोजून आत ठेवावा लागतो. आपल्याला बाराव्या आवृत्तीवरून सतराव्या आवृत्तीवर जावयाचे आहे आणि त्याच वेळी खालची कार्यप्रणालीही बदलावयाची आहे.

तयारीचा आरंभ आम्ही यादीने केला. या डेटाबेसशी कोण कोण बोलते, ही ती यादी. पुरवठादाराकडून आलेली यादी एका पानाची होती. प्रत्येक विभागात जाऊन, प्रत्येक संगणकासमोर बसून आमच्या कार्यालयाने केलेली यादी तिच्या कितीतरी पट निघाली. रक्ततपासणीच्या यंत्रांना जोडणारे छोटे प्रोग्रॅम त्यात होते. औषध भांडारातील एका संगणकावर रोज पहाटे आपोआप चालणारे एक काम होते. ते एका सहकाऱ्याने निवृत्तीपूर्वी बसविले होते व मुदत संपत आलेल्या औषधांची यादी तेच काढत असे. ही यादी ‘सिस्टिममधून येते’ एवढेच सर्वांना ठाऊक होते. ते काम बंद पडले असते, तर पहिली जाणीव कदाचित मुदतबाह्य इंजेक्शन हाती आल्यावरच झाली असती.

बॅकअपविषयी आम्ही पूर्वी निश्चिंत होतो, कारण तो रोज रात्री होत असे. ही निश्चिंती मोडण्यास एक प्रसंग कारण झाला. संगणक-व्यवसायातील गिटलॅब या कंपनीने तो स्वतःच प्रसिद्ध केला असल्याने येथे सांगण्यास हरकत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या निरनिराळ्या व्यवस्था होत्या, पण गरज पडली तेव्हा त्यांतील एकही नीट उपयोगी पडली नाही. डेटाबेस पोस्टग्रेस-क्यूएलच्या ९.६ आवृत्तीवर गेला होता, पण नक्कल काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे वापरले जात होते; ते रोज अपयशी होत होते आणि तसे कळविणारे ई-मेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून बहुतांश माहिती वाचली. हे वाचल्यानंतर आम्ही आमचा बॅकअप प्रथमच एका वेगळ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहिला. तो उघडला, मात्र त्यात रुग्णांच्या स्कॅन केलेल्या संमतिपत्रांचा कप्पा नव्हता. तो डेटाबेसच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये आहे आणि त्याची नक्कल कधी घेतलीच जात नव्हती. आता ती घेतली जाते आणि दर महिन्यास एकदा बॅकअप उघडून पाहण्याचे काम लेखा विभागाकडे दिले आहे. जो नक्कल काढतो त्यानेच ती तपासावयाची नाही, हा रोकड मोजण्याचा जुना नियम येथेही लागू केला.

यानंतर रंगीत तालमी झाल्या. तालमीसाठी एक वेगळा सर्व्हर घेतला. अंदाजपत्रकातील तरतुदीचा मोठा भाग त्याचाच आहे. हा खर्च वाचविता आला असता, असे मत काही सन्माननीय सदस्यांनी व्यक्त केले होते. पहिल्या तालमीनंतर त्यांचे समाधान झाले असावे.

पहिल्या तालमीत आमच्याकडून एक चूक झाली, तीही नमूद करतो. तालमीच्या सर्व्हरवर खऱ्या रुग्णांच्या नोंदींची प्रत होती आणि लघुसंदेश पाठविणारा भाग बंद करण्यास आम्ही विसरलो. काही रुग्णांना होऊन गेलेल्या भेटीचीच आठवण पुन्हा गेली. एक वयोवृद्ध गृहस्थ तो संदेश घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ने आले व बाह्यरुग्ण विभागासमोर बसून राहिले. त्यांची क्षमा मागून, तपासणी करून, परतीचे भाडे देऊन त्यांना निरोप दिला. तेव्हापासून तालमीचा सर्व्हर बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेला असतो व तालीम संपताच त्यावरील नोंदी पुसल्या जातात. रुग्णाची माहिती प्रयोगासाठीही त्याचीच असते, याचे भान आम्हांस आधीच असावयास हवे होते.

तालमीची खरी उपयुक्तता मात्र वेगळ्याच ठिकाणी दिसून आली. ती थोडी विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे.

पहिल्या तालमीत तंत्रज्ञांनी वेगवान मार्ग अवलंबिला होता. जुन्या डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा नव्या कार्यप्रणालीवर नेल्या आणि तेथे त्यांचे नव्या आवृत्तीत रूपांतर केले. काम लवकर झाले. आम्ही आमच्या पद्धतीने मेळ घेतला : जुनीकडे जितके रुग्ण तितकेच नवीकडे, जितक्या पावत्या तितक्याच पावत्या, वर्षनिहाय जमा रकमा पैशापर्यंत समान. निर्धन रुग्ण निधीची शिल्लकही जुळली. आमच्या लेखी काम संपले होते. नोंदणी कक्षातील एका भगिनीने मात्र गठ्ठ्यातून सहज हाती आलेले जुने केसपेपर घेऊन त्यांचे क्रमांक एकेक करून शोधण्यास प्रारंभ केला. बहुतेक सापडले. काही क्रमांकांना संगणकाने ‘नोंद नाही’ असे उत्तर दिले. नोंद तर होती. एकूण संख्येत ती मोजलीही गेली होती.

याचे कारण समजण्यास आम्हांस दोन दिवस लागले. लाखो नोंदींत एक नोंद शोधावयाची तर संगणक पहिल्यापासून सर्व चाळत नाही. तो सूची वापरतो. शब्दकोशात आपण जसे ‘म’च्या पुढे ‘य’ येणार हे गृहीत धरून पाने उलटतो, तसाच तो सूचीत उडी मारतो. कोणत्या अक्षराआधी कोणते, हा क्रम पोस्टग्रेस-क्यूएल सामान्यतः खालच्या कार्यप्रणालीकडून उसना घेते. लिनक्स जातीच्या कार्यप्रणालींत हा क्रम ज्या ग्रंथालय-संचात असतो त्याच्या २.२८ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. सेंटॉस ७ मध्ये त्यापूर्वीचा, २.१७ हा संच आहे. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण सोपे आहे : जुन्या नियमाने ‘११’ आधी येते व ‘१-१’ नंतर, नव्या नियमाने ‘१-१’ आधी व ‘११’ नंतर. आडव्या रेघेला पूर्वी फारसे वजन नव्हते, आता आहे.

आपल्या रुग्णालयाचे जुने नोंदणी क्रमांक सलग अंकांचे आहेत. नंतरच्या काळात वर्ष व अनुक्रमांक यांमध्ये आडवी रेघ आली. दोन्ही प्रकारचे क्रमांक एकाच सूचीत आहेत. सूची जुन्या नियमाने रचलेली आणि शोधणारा नव्या नियमाने शोधणारा. त्यामुळे तो काही क्रमांकांसाठी भलत्याच पानावर जाऊन तेथे नाही म्हणून परत येत होता. कोशाची पाने तीच, शब्दही तेच, पण वर्णमालाच बदललेली, अशी ही अवस्था होती.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी आम्हांस शिकविले होते की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक आहे असे नव्हे. काही चुका अशा असतात की त्या तेरजेत दिसतच नाहीत. एवढ्या वर्षांनी तो धडा पुन्हा गिरवावा लागला.

हे प्रत्यक्ष कामाच्या दिवशी घडले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. सोमवारी सकाळी रांग लागलेली असते. क्रमांक टाकला, ‘नोंद नाही’ आले, की खिडकीवरील कर्मचारी नवा केसपेपर काढून देतो. त्यात त्याची चूक नाही. एका रुग्णाचे दोन केसपेपर होतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद जुन्यावर राहते आणि नवा कोरा केसपेपर डॉक्टरांपुढे जातो. निर्धन म्हणून ज्याची कागदपत्रे तपासून झाली आहेत, त्याला नव्या केसपेपरवर पूर्ण रकमेचे देयक निघते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती करावयाची असते. तिचा हिशेब नंतर दुरुस्त करता येईल. उसनवारी करून देयक भरलेल्या माणसाची रात्र परत करता येत नाही.

उपाय दोन होते. वेगवान मार्गानेच जाऊन सर्व सूची नव्याने बांधणे, किंवा ऐवज मोजून बाहेर काढून नव्या तिजोरीत पुन्हा मांडणे. दुसऱ्या मार्गात सूची आपोआप नव्या नियमाने रचल्या जातात. वेळ मात्र कितीतरी अधिक लागतो. आम्ही दुसरा निवडला, कारण त्यात जुना सर्व्हर अस्पर्श राहतो. वेगवान मार्गाचा आणखी एक उपप्रकार तंत्रज्ञांनी सुचविला होता. त्यात फायलींची नक्कल न करता जुन्याच फायली नवी आवृत्ती वापरू लागते. काम काही मिनिटांत होते, पण नवी आवृत्ती एकदा सुरू केली की जुनीकडे सुरक्षितपणे परतता येत नाही. परतीचा पूल जाळून वाचविलेले तास आम्हांस नकोत, असे आम्ही कळविले.

दुसऱ्या तालमीत सर्व क्रमांक सापडले. त्या वेळी दोन किरकोळ गोष्टी पुढे आल्या. नव्या आवृत्तीत पासवर्ड जतन करण्याची रीत अधिक सुरक्षित आहे. चौदाव्या आवृत्तीपासून तीच मूळ रीत ठरविली आहे. प्रयोगशाळेतील दोन यंत्रांना जोडणारे जुने प्रोग्रॅम ती रीत जाणत नसल्याने त्यांना दारातच अडविले गेले. त्यांचे जोडणी-भाग बदलून घेतले. दुसरे असे की स्थलांतरानंतर पहिल्या काही तासांत साधे शोधही रेंगाळत होते. कोणत्या कप्प्यात किती व कशा प्रकारच्या नोंदी आहेत याचा अंदाज डेटाबेस स्वतःजवळ बाळगतो व त्यावरून जवळची वाट निवडतो. हा अंदाज जुन्या घरातून सोबत येत नाही, नव्याने काढावा लागतो. अठराव्या आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून, त्यात बरीच सुधारणा झाली आहे. परंतु आपल्या पुरवठादाराने सतरावीच तपासून प्रमाणित केली असल्याने आम्ही तिच्यावरच थांबत आहोत. अंदाज काढण्याची पायरी आता कार्यक्रमपत्रिकेत लिहिली आहे.

जुन्या नोंदी गाळून टाकाव्यात म्हणजे काम हलके होईल, अशीही सूचना आली होती. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. त्या मर्यादेपलीकडील नोंदी काढण्यास तांत्रिक अडचण नव्हती. वैद्यकीय अधीक्षकांनी मात्र ठाम नकार दिला. लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली मुलगी बाळंतपणासाठी येते तेव्हा तीन वर्षांचा नियम तिच्या उपयोगी पडत नाही, हे त्यांचे म्हणणे.

प्रत्यक्ष दिवसाविषयी. मार्चअखेर वर्ज्य, पावसाळ्यातील तापाच्या साथींचे महिने वर्ज्य, दिवाळीत मनुष्यबळ अपुरे. म्हणून साधारण दिवसांतील शनिवारची रात्र निश्चित केली आहे. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. अपघात विभाग, अतिदक्षता, प्रसूतिगृह, प्रयोगशाळा व औषध भांडार मात्र चालू राहणार. त्यांच्यासाठी कार्बन प्रतीसह छापील नमुने तयार केले असून त्यांवर वेगळ्या मालिकेचे क्रमांक आहेत, जेणेकरून ते संगणकावरील क्रमांकांशी धडकणार नाहीत. पावत्यांच्या या मालिकेस लेखापरीक्षकांची संमती घेतली आहे. नमुन्यांची तालीम घेतली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली : ज्येष्ठ परिचारिकांना औषधांचे मागणीपत्र हाताने लिहिण्याची सवय आहे, गेल्या दहा वर्षांत रुजू झालेल्यांपैकी अनेकींनी ते कधी लिहिलेलेच नाही. एका सिस्टरने वहीच्या पानावर नमुना आखून तिघींना समोर बसवून शिकविले. तो आखलेला कागद आता प्रत्येक कक्षात लावला आहे.

रविवारी सकाळी ११ वाजता निर्णय होईल. तोवर ठरविलेल्या सर्व तपासण्या उत्तीर्ण झाल्या नाहीत, तर नवा सर्व्हर बंद करून जुना सुरू केला जाईल आणि पुढील तारीख पाहिली जाईल. निर्णय पुरवठादाराने नव्हे, वैद्यकीय अधीक्षकांनी घ्यावयाचा आहे. ही वेळ आधीच लिहून ठेवण्याचे कारण असे, की रात्रभर जागलेल्या माणसांना ‘आणखी अर्ध्या तासात होईल’ असे नेहमीच वाटते. नव्या प्रणालीवर पहिली पावती फाटली, की मागे फिरण्याची किंमत दर तासाला वाढत जाते. तोपर्यंत जुन्या सर्व्हरवर शनिवार रात्रीची स्थिती जशीच्या तशी असते. तपासण्यांमध्ये मेळ आहेच, शिवाय नोंदणी कक्षातील त्याच भगिनींनी निवडलेले केसपेपर आहेत. त्यांचे क्रमांक कोणते, हे त्यांनी तंत्रज्ञांना सांगितलेले नाही.

जुना सर्व्हर स्थलांतरानंतर जाळ्यापासून तोडून, केवळ वाचण्यापुरता, पुढील लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत ठेवण्यात येईल. सतराव्या आवृत्तीची देखभाल नोव्हेंबर २०२९ पर्यंत चालणार आहे. त्यानंतरच्या स्थलांतरासाठी दरवर्षी थोडी रक्कम राखीव निधीत वर्ग करण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने संमत केला असून त्यातील पहिला हप्ता याच अंदाजपत्रकात दर्शविला आहे.